चारशे रुपये येणे: एका थेरपी पॅकेजचा हिशेब

"नमस्कार. आपल्या पॅकेजचा हिशेब पूर्ण झाला आहे. आपल्याकडून ४०० रुपये येणे आहेत. ते भरल्यानंतर असेसमेंट रिपोर्ट देण्यात येईल."

१४ ऑक्टोबर २०२५ च्या दुपारी माझ्या मावसबहिणीने हा मेसेज मला नुसता फॉरवर्ड केला, खाली एक अक्षरही लिहिलं नाही. आदल्या आठवड्यात तिने मुलाची थेरपी बंद करून उरलेले पैसे परत मागितले होते. तिच्या अंदाजाने पंचवीस-तीस हजार तरी येणं होतं, आणि उलट तिच्याकडूनच चारशे निघाले.

मी एका कंपनीत व्हेंडरची बिलं पास करते. वकील नाही, थेरपीतलंही काही कळत नाही, पण बिल कुठे फुगवलंय ते सहसा कळतं. पुढच्या दोन महिन्यांत काय झालं ते बहिणीच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील आणि सेंटरचं नाव गाळलं आहे.

मुलगा तेव्हा तीन वर्षं चार महिन्यांचा. कळत सगळं होतं, बोलत नव्हता; सहा-सात शब्द, तेही घरच्यांनाच समजतील असे. डॉक्टरांनी आधी कानाची तपासणी करून घेतली, ती नॉर्मल आली, मग स्पीच थेरपी सांगितली. पुण्याच्या पश्चिम उपनगरात घराजवळच एक सेंटर होतं. काचेचं दार, आत रंगीत चेंडूंचा हौद, भिंतीवर जिराफ. मूल हौदात उतरलं की आईवडिलांना शेजारच्या केबिनमध्ये बोलावतात. तिथे बसलेल्या बाईंना काउन्सेलर म्हणतात, पण काम सेल्सचं असतं. हे मला बिलं बघून बघून कळतं, बहिणीला तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं. "हे वय एकदा हातातून गेलं ना मॅडम..." असं म्हणून त्या बाईंनी वाक्य अर्धवट सोडलं होतं. ते अर्धवट वाक्य तिला अजून पाठ आहे.

एका सेशनचा दर १,००० रुपये. ७२ सेशनचं पॅकेज घेतलं तर ५४,०००, म्हणजे सेशनला ७५०. शिवाय असेसमेंटचे ४,००० आणि नोंदणीचे २,५००. एकूण ६०,५००. त्यातले २०,५०० यूपीआयने दिले आणि ४०,००० चं "नो कॉस्ट ईएमआय" केलं. ते केबिनमध्येच, दहा मिनिटांत, बहिणीच्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या जावयाच्या, फोनवर. दरमहा ५,००० चे आठ हप्ते. फोनवर झालं ते कर्ज होतं. कर्जाच्या कंपनीने चाळीस हजार सेंटरला एकरकमी देऊन टाकले आणि पुढच्या ५ जुलैपासून आमच्या जावयाच्या खात्यातून हप्ता जायला लागला. सेंटरला पैसे आधी आणि सेवा सहा महिने पुरवायची. सगळ्या भांडणाचं मूळ या उलट्या क्रमात आहे.

१६ जून २०२५ ला सोमवारी सुरुवात झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी ११ ला, पाऊण तास. न्यायच्या आजी, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, रिक्षाने. पहिले अडीच महिने बरे गेले. स्पीच थेरपिस्ट अनुभवी होत्या, मुलाला त्यांचा लळा लागला, "दे", "नको", "अजून" असे शब्द आले. ऑगस्टच्या शेवटी त्या सोडून गेल्या. सप्टेंबरचे पहिले दहा दिवस "नवीन मॅडम जॉइन होत आहेत" एवढाच मेसेज. १२ सप्टेंबरला नवीन मॅडम आल्या, अगदी तरुण, बिचाऱ्या घाबरलेल्या. आजींनी दोन सेशन काचेतून पाहिली आणि घरी येऊन सांगितलं, "ती त्याला कार्ड दाखवते आणि तो चेंडू खेळतो. दोघं आपापलं करतात."

बहिणीने सेंटरला नवीन मॅडमचा आरसीआय नंबर विचारला. हा प्रश्न बहुतेक पालक विचारत नाहीत, आणि विचारला तर उद्धटपणा वाटेल म्हणून संकोचतात. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, ती १९९२ च्या कायद्याने चालते. स्पीच थेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक यांची नोंद तिच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत असावी लागते आणि नोंद असलेल्या प्रत्येकाला नंबर मिळतो. डॉक्टरच्या पाटीवर जसा नोंदणी क्रमांक बघतो तसाच हा. उत्तर आलं: "मॅडम ट्रेनी आहेत, सीनियरच्या देखरेखीखाली आहेत." सीनियर तर गेल्या होत्या. कोणाच्या देखरेखीखाली, यावर तीन दिवस उत्तर नाही. ६ ऑक्टोबरच्या सेशननंतर बहिणीने थांबवतो असं कळवलं.

मग तो चारशेचा मेसेज. सोबत हिशेब नव्हता, तो मागून घेतला. असा होता: वापरलेली सेशन ४९. मध्येच बंद केल्यामुळे दर १,००० धरून ४९,०००. पॅकेजच्या १० टक्के प्रशासकीय खर्च ५,४००. एकूण ५४,४००. भरले ५४,०००. बाकी ४००.

बेरीज बरोबर होती. अशा हिशेबात बेरीज नेहमी बरोबरच असते. चूक असते ती पहिल्या आकड्यात, आणि वाचणारा मात्र शेवटच्या आकड्यावर चिडलेला असतो. जावई तर इतका चिडला की रात्री अकरा वाजता त्याने एक तारा देऊन लांबलचक रिव्ह्यू टाकला. सकाळी मी काढायला लावला. खोटं त्यात काही नव्हतं, पण हातातलं शेवटचं पान पहिल्याच डावात कशाला टाकायचं! शिवाय त्यात त्या नवीन मुलीचं नाव होतं. तिचा काय दोष?

४९ आले कुठून? सेंटरने १६ जून ते ६ ऑक्टोबरमधले सगळे सोमवार, बुधवार, शुक्रवार मोजले होते. कॅलेंडर घ्या आणि मोजा, बरोबर ४९ भरतात. मूल आलं का, थेरपिस्ट होत्या का, सेंटर उघडं होतं का, यातलं काहीही न बघता.

आता आमच्याकडे काय होतं? सेंटरच्या हजेरीवहीत आजी सही करत, पण ती वही त्यांच्याकडे. बहीण दिवसभर ऑफिसला, तिच्याकडे नोंद नाही. मी जवळजवळ आशा सोडली होती. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "कालनिर्णयवर आहे ना सगळं."

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय. त्यावर गेली कित्येक वर्षं आजी दुधाचा आणि कामवाल्या मावशींच्या खाड्यांचा हिशेब लिहितात. "दू. नाही", "मा. रजा". जूनपासून त्यात तिसरी नोंद सुरू झाली होती: "थे. गेलो". आणि जिथे गेले नाहीत तिथे कारणासकट. ३ सप्टेंबरच्या चौकोनात बारीक अक्षरात "थे. मॅडम नाही, परत आलो, रिक्षा ६० वाया". महिन्याअखेरीला दूधवाल्याशी हुज्जत घालायला लागू नये म्हणून लागलेली सवय. वीस वर्षं बिलं तपासली, पण इतकी स्वच्छ हजेरी मी क्वचित पाहिली आहे. आजी रिक्षाचे पैसे यूपीआयने देतात, त्यामुळे गेल्याच्या प्रत्येक दिवशी ११ च्या आसपास साठ रुपयांची एक नोंदही सापडली. दोन नोंदी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

मग आम्ही ४९ दिवसांची चाळणी केली. १४ ते २५ जुलै या काळातली सहा सेशन मुलाला हँड-फूट-माउथ, म्हणजे हातापायांवर आणि तोंडात फोड येणारा संसर्ग, झाल्यामुळे झाली नाहीत. "फोड सुकेपर्यंत आणू नये, डॉक्टरांचं पत्र लागेल" हा मेसेज सेंटरचाच, आणि २६ जुलैचं डॉक्टरांचं पत्रही आमच्याकडे होतं. सप्टेंबरमध्ये १, ३, ५, ८ आणि १० तारखेची पाच सेशन थेरपिस्टच नव्हत्या म्हणून झाली नाहीत. १८ आणि २० ऑगस्टला धो धो पाऊस होता, सेंटरने व्हिडिओ कॉल केला. मूल स्क्रीनसमोर बसलंच नाही. कॉल किती चालला ते फोनमध्ये दिसतं: एक १२ मिनिटं, दुसरा ९.

उरली दोन. १५ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. २७ ऑगस्ट २०२५, बुधवार, गणेश चतुर्थी. दोन्ही दिवस सेंटरला सुट्टी होती, सेंटरच्या स्टेटसवर झेंड्याचं आणि बाप्पाचं चित्र होतं, आणि हिशेबात दोन्ही सेशन "वापरलेली" होती. हे सापडलं तेव्हा बहीण दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली.

सहा, पाच, दोन, दोन: पंधरा सेशन वादातली. ४९ वजा १५ म्हणजे ३४.

या ३४ मध्ये तीन अशी होती की लग्नाला कोल्हापूरला गेले आणि कळवायचं राहिलं. फॉर्मवर २४ तास आधी कळवायची अट होती. जावई म्हणाला, तीही वजा करा, त्यांनी कुठे दया दाखवलीय! मी नाही म्हटलं. चुकलेलं आपण स्वतःहून मान्य केलं की उरलेल्या आकड्याला वजन येतं. प्रत्यक्ष झालेली ३१ आणि आमच्या चुकीची ३, दोन्ही धरली.

फॉर्म मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. तीन पानं, तिसऱ्या पानावर सही. वर ठळक अक्षरात "फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही". आणि त्याच पानावर खाली, मध्येच बंद केल्यास सेशन सिंगल दराने धरून, १० टक्के कापून "उर्वरित रक्कम" देण्याचं कलम. परतावा मिळणारच नसेल तर तो कसा काढायचा याचं सूत्र कशाला छापलंय? बहुधा दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलून चिकटवलेला फॉर्म. पण आमच्या दृष्टीने वरचं वाक्य खालच्या कलमाने पुसलं होतं, आणि सेंटरने स्वतः चारशेचा हिशेब पाठवून खालचंच कलम लागू आहे हे मान्य केलं होतं.

सिंगल दराचं कलम मात्र खरोखर त्रासाचं होतं. मी बहिणीला स्पष्ट सांगितलं की तू कंटाळून सोडलं असतंस तर या कलमात मला फार वावगं वाटलं नसतं. ७२ घेणार म्हणून सूट, ३४ वर थांबलात तर सूट कशी मागणार? पण इथे आधी कोण थांबलं? ज्या थेरपिस्टच्या भरवशावर पॅकेज विकलं त्या गेल्या, दहा दिवस कोणीच नव्हतं, नंतर नोंदणीचा नंबर न सांगता येणारी व्यक्ती दिली. म्हणून आमचा दर ७५०. ३४ गुणिले ७५० म्हणजे २५,५००. परत येणं २८,५००. नोंदणीचे २,५०० आणि असेसमेंटचे ४,००० मागितले नाहीत, कारण ती कामं झाली होती.

मधल्या काळात कर्जाचा प्रश्न पेटला. जावयाच्या मित्राने सल्ला दिला, हप्ता थांबव, आपोआप ताळ्यावर येतील. मला वाटतं या प्रकरणात सगळ्यात महागात पडला असता तो हा सल्ला. हप्ता थांबला की अडचणीत सेंटर येत नाही, त्याचे पैसे तर जूनमध्येच पोहोचलेत. ज्याच्या नावावर कर्ज त्याच्या खात्यावर बाउन्सचा दंड लागतो आणि सिबिल स्कोअर पडतो. पुढच्या वर्षी यांना घराचं कर्ज काढायचं आहे. तेव्हा हप्ते चालू ठेवले, आणि कर्ज कंपनीला मेलने कळवून ठेवलं की सेवा बंद झाली आहे, सेंटरकडून परतावा आला तर तो आधी कर्जात वळता करावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी अशा डिजिटल कर्जात मुख्य तथ्यांचं पत्रक आणि सुरुवातीला दंड न लागता बाहेर पडायची मुदत द्यावी लागते. ते पत्रक जूनमध्येच मेलवर आलं होतं. कोणी उघडलं नव्हतं.

१७ ऑक्टोबरला बहिणीने सेंटरला मेल केला. आधीचा तिचा मसुदा दीड पानाचा होता, त्यात मुलाचं रडणं, आजींचे गुडघे, विश्वासघात, सगळं होतं. ते खरं होतं, पण मेलमध्ये ते वाचून सेंटर फक्त "आपल्या भावना समजतो" असं लिहिणार. आम्ही सगळं काढलं. उरलं ते असं:

"आपल्या हिशेबातील ४९ पैकी सोबतच्या तक्त्यातील १५ सेशन झालेली नाहीत. प्रत्येकाची तारीख, कारण व पुरावा जोडला आहे. १५ ऑगस्ट व २७ ऑगस्ट रोजी सेंटर बंद होते. झालेल्या व आमच्यामुळे चुकलेल्या ३४ सेशनचे पॅकेज दराने २५,५०० रुपये वजा जाता २८,५०० रुपये १५ दिवसांत परत करावेत. असेसमेंटची फी ४,००० रुपये स्वतंत्र पावतीने पूर्ण भरलेली आहे. त्या रिपोर्टचा पॅकेजच्या हिशेबाशी संबंध नाही. तो तीन दिवसांत द्यावा."

रिपोर्टबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सेंटरची खरी पकड तिथे होती. दुसरीकडे थेरपी सुरू करायची तर मूल कुठून निघालं आणि कुठवर आलं हे नव्या थेरपिस्टला हवं असतं, नाहीतर पुन्हा असेसमेंट आणि पुन्हा चार हजार. डॉक्टरांना आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. आमच्या ओळखीच्या एकांनी तेच कलम टाका म्हणून सुचवलं. पण ते नियम नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत, थेरपी सेंटरने एका ओळीत झटकलं असतं. त्यापेक्षा वेगळ्या पावतीचा मुद्दा साधा आणि न झटकता येणारा होता. रिपोर्ट चौथ्या दिवशी आला, पीडीएफ, कुठलंही स्पष्टीकरण न देता. पैशांबद्दल अवाक्षर नाही.

मुलाची थेरपी तोवर दुसरीकडे सुरू केली होती. एकट्याच प्रॅक्टिस करणाऱ्या स्पीच थेरपिस्ट, पाटीवर आरसीआय नंबर, दर सेशनचे पैसे त्या दिवशी द्यायचे. पैसे अडकले म्हणून मुलाला थांबवायचं नाही, हे बहिणीने पहिल्या दिवशीच ठरवलं होतं, आणि ते तिचंच शहाणपण. ज्यांना तेवढंही परवडत नाही त्यांच्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर डीईआयसी ही लहान मुलांसाठीची सरकारी केंद्रं असतात, तिथे मोफत तपासणी आणि थेरपी मिळते. रांग असते, पण पॅकेज नसतं.

पंधरा दिवस गेले, दिवाळी झाली, उत्तर नाही. बहिणीने १९१५ ला फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. तक्रार क्रमांक मिळाला. हेल्पलाइन निकाल देत नाही, समोरच्याला तक्रार पाठवून उत्तर मागते, एवढंच. उत्तर आलं तेही छापील: "फी ना-परतावा आहे." उपयोग झाला नाही असं मात्र मी म्हणणार नाही. चारशे येणं आहेत म्हणणारं सेंटर आता ना-परतावा म्हणत होतं. एकाच महिन्यात दोन वेगळ्या भूमिका, दोन्ही लेखी.

१० नोव्हेंबरला नोटीस पाठवली. नोटीस वकिलाचीच लागते असा एक समज आहे. ग्राहक स्वतःच्या सहीने पाठवू शकतो. पोस्टात गेल्यावर कळलं की रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय. तेव्हा पोचपावतीसह स्पीड पोस्ट, आणि तीच मेलवरही.

नोटिशीत काय मांडायचं यावर मी आणि माझी वकील मैत्रीण एक संध्याकाळभर वाद घालत बसलो. मला ती सिंगल दराची अट "अन्यायकारक करार" म्हणून ठोकायची होती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तशी व्याख्याच आहे. मैत्रीण म्हणाली, तो मुद्दा मुख्य केलास तर प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगाच्या कक्षेत राहत नाही, राज्य आयोगाकडे जातं. अठ्ठावीस हजारांसाठी राज्य आयोग? मग तो सोडला आणि दोन गोष्टींवर राहिलो. एक, सेवेतली त्रुटी: थेरपिस्ट नसणं, नोंदणी न दाखवणं, न झालेली सेशन मोजणं. दुसरी, अनुचित व्यापारी प्रथा: सदोष सेवा बंद करून पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत न करणं हे कायद्यात त्यात मोडतं. ६ ऑक्टोबरपासून ३० दिवस केव्हाच उलटले होते.

सोबत जिल्हा आयोगाच्या तक्रारीचा मसुदा जोडला. धमकी म्हणून नव्हे, तयारी खरंच केली होती. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात तक्रारीला फी नाही. तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात ती करता येते, वकील सक्तीचा नाही, २०२५ च्या सुरुवातीपासून ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. मुदत घटनेपासून दोन वर्षं. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, पण तारखा पडतात हे बहिणीलाही सांगितलं होतं आणि सेंटरलाही ते ठाऊक असणार. व्हॉट्सॲपचे मेसेज आजींच्या फोनवरून एक्सपोर्ट केले, कारण बहीण रागाच्या भरात ग्रुपमधून बाहेर पडून चॅट पुसून बसली होती. आयोगात असे मेसेज द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ते आजींच्या नावाने तयार केलं. आजींना त्यावर सही करताना कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटलं म्हणे.

आठव्या दिवशी फोन आला, थेट मालकीणबाईंचा. २२ नोव्हेंबरला शनिवारी सेंटरवर बसलो: त्या, बहीण, मी आणि कालनिर्णय. हो, भिंतीवरून काढून नेलं होतं.

बाई स्वतः थेरपिस्ट. आवाज न चढवता बोलत होत्या. सहा महिन्यांत दोन सीनियर सोडून गेल्या, मोठ्या साखळ्या जास्त पगार देऊन उचलतात, भाडं वाढलंय, हिशेब सॉफ्टवेअर काढतं, आपण बघितला नव्हता, असं सगळं सांगितलं. मला ते खोटं वाटलं नाही. पण सॉफ्टवेअरला १५ ऑगस्ट कोणीतरी शिकवायला नको का? त्या दोन तारखा त्यांनी ओशाळून लगेच काढल्या. सप्टेंबरची पाच काढली. हँड-फूट-माउथची सहा त्यांच्याच मेसेजमुळे गेली. व्हिडिओ कॉलच्या दोन सेशनवर थोडं थांबल्या, "पालक मार्गदर्शन झालं" म्हणाल्या. बहिणीने फोन पुढे केला. एकवीस मिनिटं, दोन्ही मिळून. ३४ वर एकमत झालं.

दरावर अर्धा तास गेला. त्या १,००० वर, आम्ही ७५० वर. १० टक्क्यांचा खर्च त्यांनी स्वतःहून सोडला. ऑगस्टअखेरपर्यंतची सेशन अनुभवी थेरपिस्टने घेतली होती आणि मुलाला फायदा झाला होता, हे बहिणीनेही कबूल केलं. शेवटी ३४ सेशनचे एकूण २८,००० धरायचे ठरलं, दर पडला साधारण ८२४. परतावा २६,०००. आमच्या मागणीपेक्षा अडीच हजार कमी. जावयाला ते आजही खटकतं. मला विचाराल तर पहिल्या तारखेला आयोगात रजा टाकून जाण्यात दोन माणसांचा तेवढा पगार गेला असता.

तोवर पाच हप्ते गेले होते, १५,००० कर्ज बाकी होतं. २६,००० पैकी १५,००० सेंटरने थेट कर्ज कंपनीला द्यायचे आणि ११,००० बहिणीच्या खात्यात, असं लिहून घेतलं. समझोत्याच्या कागदावर सेंटरने एक वाक्य घातलं होतं: "सेवेच्या दर्जाबाबत पालकांची कोणतीही तक्रार नाही." बहिणीने त्यावर रेघ मारली, शेजारी सही केली आणि म्हणाली, "पैशाचा हिशेब मिटला, एवढंच लिहा." माझ्या तोंडून हे आलं नसतं. नोंदणीबद्दल पुनर्वास परिषदेकडे लिहायची वाट त्या रेघेमुळे मोकळी राहिली. ती अजून लिहीत नाही, त्या नवीन मुलीची नोकरी जाईल म्हणते. मला वाटतं लिहावं, मुलीबद्दल नव्हे तर सेंटरबद्दल. या एका मुद्द्यावर आमचं जमलेलं नाही.

११,००० दुसऱ्या दिवशी आले. १५,००० पोहोचायला २ डिसेंबर उजाडला. ५ तारखेचा हप्ता जवळजवळ कापला जाणार होता, म्हणून कर्ज बंद झाल्याची एनओसी हातात घेऊन बँकेत नॅचचं मॅन्डेट, म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी, वेगळं रद्द करावं लागलं. कर्ज संपलं म्हणून मॅन्डेट आपोआप मरत नाही. सेंटरकडून "येणे बाकी नाही" असं पत्र शिक्क्यासह घेतलं. बहीण म्हणाली, ताई, आता हे कशाला? मी म्हटलं, असू दे.

जानेवारीत तिचा फॉरवर्ड आला, पुन्हा एका अक्षराशिवाय. सेंटरच्या सॉफ्टवेअरचा एसएमएस: "प्रिय पालक, आपल्या खात्यात ४०० रुपये थकीत आहेत." खाली तिने पाठवलेलं उत्तरही दिसत होतं. शिक्क्याच्या पत्राचा फोटो, आणि त्याच्या कडेला, बहुधा चुकून, नव्या वर्षाच्या कालनिर्णयचा एक चौकोन: "थे. गेलो. 'आजी चल' म्हणाला."